माया सोडलेला कुर्ता: एका वकिलाच्या गरोदरपणातल्या कपड्यांचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेअकरा. आमच्या दाव्याचा पुकारा झाला तेव्हा माझी ज्युनिअर जिन्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभी होती. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने कोटाच्या आतून पँटची कंबर घट्ट धरलेली. "मॅडम, तुम्ही पुढे व्हा, मी आलेच," म्हणाली, पण जागची हलेना. पँटच्या काजातून ओवून बटणाला अडकवलेलं केसांचं रबर तुटलं होतं. बटण महिनाभरापासून लागतच नव्हतं. सगळा डोलारा त्या एका रबरावर उभा होता.

मी वर जाऊन वेळ मागून घेतली. ती बायकांच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या बसायच्या खोलीत गेली, कुणाकडून तरी मोठी सेफ्टी पिन मिळवली आणि पुढचे तीन तास पोटाशी पिन लावून कोर्टात बसली. ती पिन कधीही उघडू शकते या विचाराने तिच्यापेक्षा मीच जास्त घामाघूम झाले. तिच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता, हे प्रकरण लिहून काढते आहे. कारण हा प्रश्न आमच्या बार रूममध्ये दर वर्षी एकदा तरी येतो आणि दर वर्षी 'साडी नेस, सुटसुटीत बरं पडतं' एवढ्यावर निकाली निघतो.

हकीकत अशी. मराठवाड्यातलं एक जिल्ह्याचं ठिकाण, जिथे मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. ज्युनिअर एकोणतीस वर्षांची, वकिलीचं पाचवं वर्ष, दिवाणी दावे आणि नवरा-बायकोची प्रकरणं जास्त. पहिलटकरीण. डॉक्टरांनी दिलेली तारीख २२ सप्टेंबर. (आम्हा लोकांना तारीख म्हटलं की आधी कोर्टाचीच आठवते. तिने फेब्रुवारीत ही बातमी सांगितली तेव्हा मी डायरी उघडून 'कोणत्या कोर्टात?' असं विचारलं होतं.) रोजचा पोशाख म्हणजे पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्याला वकिलांचा पांढरा बँड आणि अंगाबरोबर शिवलेला काळा कोट, ज्याला आतून पॉलिएस्टरचं अस्तर.

ऑगस्टअखेरपर्यंत काम करायचं तिने ठरवलं होतं. हौस म्हणून नव्हे. नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. स्वतंत्र वकिली करणारी कुणाची नोकर नसते, म्हणून तो कायदा तिच्या दारात येत नाही. तारखेला उभं राहिलं तर फी, नाहीतर नाही.

आणि खरी मेख इथेच होती. तिला ही गोष्ट कोर्टात कळू द्यायची नव्हती. पक्षकाराला कुणकुण लागली की तो म्हणतो, बाई आता बाळंतपणाला जाणार, मग माझं कोण बघणार? फाइल दुसरीकडे जाते, आणि गेलेली फाइल परत येत नाही. म्हणून चाळीस डिग्रीतही कोट बंद. वरचं बटण लागलेलं, खालचं लागत नाही ते फाइलने झाकलेलं. तिच्या सगळ्या कपड्यांमागचं कारण एकच होतं, पोट दिसू नये.

यावर तिला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नव्हता. बावीस वर्षांपूर्वी मीही हेच केलं. पदर पुढून घेतला, त्यावर कोट, कारण असो-नसो त्यावर वकिलांचा काळा गाऊन, आणि सातव्या महिन्यापर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही. लोक म्हणाले, "कळलंसुद्धा नाही हो!" आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं. त्या उन्हाळ्यात मी दोनदा चक्कर येऊन बसले होते, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

रबर तुटायच्या आधी आणि नंतर तिने काय काय करून पाहिलं ते सांगते, कारण त्यातलं प्रत्येक कुणी ना कुणी करत असतं.

पहिलं, दोन साइझ मोठी पँट. कंबर बसली, पण मांड्या आणि पाय होते तेवढेच राहिले, त्यामुळे पँट झोळीसारखी लोंबायची आणि चालताना टाचेखाली यायची. पोट वाढतं ते पुढे. बाई सगळीकडून सारखी फुगत नाही, हे तयार कपडे विकणाऱ्यांच्या अजून गावी नाही. मग ऑनलाइन मागवलेली गरोदरपणासाठीची पँट. पोटावर रुंद ताणणारी पट्टी, बेंबीच्या वरपर्यंत येणारी. शिवण उत्तम, बसणंही उत्तम, पण ती पट्टी नायलॉनची. एरवीसुद्धा या दिवसांत अंगात उष्णता जास्त असते. शेवटच्या महिन्यांपर्यंत शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, घाम लवकर फुटतो. चौथ्या दिवशी पोटावर पट्टीच्या आकाराचं लाल पुरळ उठलं. पँट घडी करून पावसाळ्यासाठी ठेवली. तिला दोष देत नाही, ती चुकीच्या ऋतूत आली एवढंच.

मग साडी. सगळ्यांचं एकमत साडीवर. सासूबाईंनी स्वतःच्या दोन पांढऱ्या सुती साड्या काढून दिल्या. त्यांना सुनेचं काळं घालणंच मुळात पसंत नव्हतं, 'पोटुशीने काळं कशाला', आणि नेमका आमचा धंदाच काळ्या कोटाचा. साडीचा पहिला आठवडा बरा गेला. पदर पोटावरून जातो, हवा खेळती राहते, माप वाढलं तरी साडी कुरकुर करत नाही. अडलं ते परकराच्या नाडीपाशी. नाडी पोटाच्या खाली बांधली तर निऱ्यांच्या वजनाने घसरते, वर बांधली तर बसल्यावर पोटात रुतते. संध्याकाळी कमरेवर नाडीचा काळा-लाल वळ. त्यात दर तासाला बाथरूमला जावं लागायचं, ते खालच्या मजल्यावर, आणि तिथे निऱ्या सावरत, परकर धरत, बँड ओला होऊ न देता जे काही करावं लागतं ते ज्या करतात त्यांनाच माहीत. एकदा पुकारा ऐकून ती धावत जिना चढली आणि तिसऱ्या पायरीवर निरीत पाय अडकला. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. पोट पुढे आलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल आधीच पुढे गेलेला असतो, आणि साडी नेसून जिना चढायची सवय तिला आधीपासून नव्हतीच.

माझं मत मी तिला तेव्हाच सांगितलं. जी बाई रोज साडीतच वावरते तिला साडीसारखं सुख नाही. तिने फक्त परकराची नाडी काढून नेफ्यात दीड इंचाचं मऊ इलॅस्टिक घालावं आणि साडी बोटभर वर नेसावी. पण जिला वर्षातून चारदा नेसायची सवय आहे तिने ऐन गरोदरपणात जिन्यावर साडी शिकू नये.

रबर तुटलं त्या संध्याकाळी मी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. आमच्या पोशाखाबद्दल अख्खं कोर्ट बोलतं. बेंच क्लार्क बोलतो, पट्टेवाला बोलतो, समोरचे वकील तर बोलतातच. 'कोट पाहिजेच', 'ओढणी घ्या मॅडम, बरं दिसतं', 'पंजाबी ड्रेस चालत नाही जिल्हा कोर्टात'. पण मूळ मजकूर वाचलेला माणूस विरळा. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची संस्था, तिच्या नियमांतल्या सहाव्या भागाचं चौथं प्रकरण जेमतेम दीड-दोन पानांचं आहे. बायकांसाठी त्यात शर्ट-कोट आहे, साडी आहे, लांब स्कर्ट आहे, चुडीदार आणि सलवार-कुर्ता आहे. रंग पांढरा किंवा काळा, साडीला सौम्य रंगही चालतो, नक्षी नको. ओढणीबद्दल स्पष्ट लिहिलंय: असली तरी चालेल, नसली तरी चालेल. गाऊन फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात बंधनकारक, बाकी ऐच्छिक. आणि शेवटी ते सोन्याचं वाक्य: सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर ठिकाणी उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही.

म्हणजे जो कोट ती जिवाच्या आकांताने बंद ठेवत होती तो एप्रिलमध्ये घालायचीच गरज नव्हती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे निम्मे वकील कोट खुर्चीवर टाकूनच फिरतात. तिने काढला नाही, कारण कोट काढला की पोट दिसणार. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण दोन वेगळे प्रश्न एकाच दाव्यात घातलेत. अंगाला काय सोसेल हा एक, आणि लोकांपासून काय लपवायचं हा दुसरा. पहिल्याला उत्तर आहे, नियमात बसणारं. दुसऱ्यामुळे ते उत्तर बाद होत होतं.

दुसऱ्या प्रश्नावर तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच मार्ग काढला. ज्या पक्षकारांच्या तारखा सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये येणार होत्या त्यांना एकेकाला बोलावून सांगितलं: मला दिवस गेलेत, त्या काळात मॅडम उभ्या राहतील, वकीलपत्रावर त्यांची सही आजच घेऊ. मी सह्या केल्या. एक फाइल गेली. बाकीच्या राहिल्या. गेलेल्या फाइलचं तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. ते नसतं झालं तर बरं असं आजही वाटतं.

आता शिंपिणीकडे जाता येत होतं. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात. गरोदर बाईसाठी ऑफिसचे कपडे त्यांनी कधी शिवले नव्हते, पण लेकी-सुनांचे गाऊन शिवले होते, आणि त्यांनी तिला मापं घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारले जे आमच्यापैकी कुणाला सुचले नव्हते. "दिवसभर उभी असतेस का बसलेली?" आणि "बाथरूमला किती वेळा जातेस?"

त्यांनी सांगितलं ते असं. पांढरं पॉपलीन आणा, पण आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आटेल. नंतर आटलं तर अंगात जाणार नाही. पुढच्या भागाला मलमलचं अस्तर, कारण पांढऱ्यातून आतलं दिसतं आणि पोटावर ताणलं की जास्तच दिसतं. कुर्त्याला छातीखाली जोड, त्याखाली दोन्ही बाजूंना चुण्या, मधला भाग सपाट. चुण्या मध्ये घेतल्या तर लहान मुलीच्या फ्रॉकसारखं दिसतं, बाजूला घेतल्या तर घेर मिळतो आणि समोरून कपडा सरळ पडतो. बाजूच्या शिवणीत प्रत्येकी दोन इंच माया, म्हणजे पुढे सोडता येईल असं जास्तीचं कापड, आत दुमडून ठेवली, तीन टिपांसह. महिना-दीड महिन्याने आतली एकेक टीप उसवायची की कुर्ता तेवढा सैल.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कुर्ता कापताना मावशींनी पुढचा भाग मागच्यापेक्षा अडीच इंच लांब कापला. टेबलावर पसरला तेव्हा तो चुकल्यासारखाच दिसत होता. ज्युनिअरने विचारलं, "मावशी, हे वाकडं नाही का झालं?" त्या म्हणाल्या, "आत्ता वाकडं दिसतंय. सातव्यात सरळ होईल." पोट पुढे आलं की पुढचा कपडा वर ओढला जातो आणि मागून पायघोळ, पुढून आखूड असं ध्यान होतं, ते टाळायचा हा हिशेब. तोवर जास्तीचं कापड आतून हातशिलाईने दुमडून ठेवलं.

सलवार काळी. पांढऱ्याची तिला धास्ती होती, आणि ती रास्त होती. शिंक आली, खोकला आला की दोन थेंब सुटतात. या दिवसांत हे अनेकींचं होतं आणि कुणी बोलत नाही. काळ्या सलवारीने ती काळजी मिटली. नेफ्यात नाडी नाही. पुढच्या बाजूला टी-शर्टच्या कापडाची, सुती, वितभर रुंद पट्टी, पोटाच्या खाली बसणारी, मागे इलॅस्टिक. वर-खाली करायला दोन सेकंद. गुढघ्यापासून खाली सलवार चुडीदारसारखी अरुंद, म्हणजे जिन्यात पायात येणार नाही.

दोन कुर्ते, दोन सलवारी, कापडासकट त्या ऑनलाइन पँटच्या दुप्पटीच्या आत झालं. आतल्या कपड्यांचं थोडक्यात सांगते. मॅचिंग सेंटरमध्ये ब्रेसियरचा पट्टा वाढवायची हुकांची पट्टी मिळते, अगदी स्वस्त. बरगड्यांचा घेर वाढतो म्हणून आधी पट्टा काचतो. ती पट्टी लावून दोन महिने निघतात, मग नवी घ्यावी, तारेची नको. गळ्याचा बँड तिने आधीच बदलला होता. शर्टाचं वरचं बटण लावून त्यावर बँड बांधला की तिला मळमळायचं. म्हणून बिनकॉलरचा गळा आणि मागे वेल्क्रो असलेला कॉलर-बँड. पुकारा झाला की लावायचा, बाहेर आलं की काढायचा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती बिनकोटाची कोर्टात उभी राहिली. विसावा आठवडा जवळ आलेला, म्हणजे गर्भाशय बेंबीपर्यंत आलेलं. आता लपण्यासारखं काही नव्हतंच. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी हसत हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, पोशाखाबद्दल काहीतरी म्हटलं. ती काही न बोलता नियमाचं ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवून बसली. खूण म्हणून तिने त्यात सोनोग्राफीची पावती ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

पावसाळा लागला आणि कोट परत आला. तो बंद होणं आता शक्य नव्हतं. मोठा कोट घ्यायचा विचार केला, एकाचा मागून घालूनही पाहिला, पण खांदे उतरून कोपरापर्यंत आले आणि ती बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी दिसायला लागली. खांदा बसला तर माणूस नेटका दिसतो, पोटाशी बटण लागतं की नाही याकडे कुणी बघत नाही. म्हणून जुनाच कोट, उघडा. फक्त मावशींनी आतलं पॉलिएस्टरचं अस्तर काढून बाह्यांपुरतं ठेवलं, म्हणजे हात सरकतो आणि पाठ भिजत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, तिला छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जायचं होतं. तिथे गाऊन बंधनकारक. उघड्या कोटावर गाऊन चढवला आणि आरशात बघून ती खळखळून हसली. सगळं पोट गायब. इतके महिने जे लपवायला जीव काढला ते आता नको असताना फुकटात लपत होतं. वकिलांच्या पोशाखाचे नियम बनवताना गरोदर बाई कुणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. बायकांना वकिली करायची मुभा देणारा कायदाच १९२३ चा. पण गाऊनचा शिंपी नकळत आमचं कल्याण करून गेला. परतीच्या प्रवासात तिने गाऊनची गुंडाळी करून कमरेमागे घेतली, तो त्याचा आणखी एक उपयोग.

पायांचं प्रकरण शेवटी आलं आणि तेवढं आम्ही हलक्यात घेतलं. तिसाव्या आठवड्यानंतर तिचे काळे बूट संध्याकाळी निघेनात. एक माप मोठे, पट्टी सैल करता येणारे, सपाट बूट घेतले. तेही संध्याकाळी जाऊन, कारण सकाळी पाय छोटे असतात आणि दुकानातला बूट मग घरी आल्यावर खोटा पडतो. खुर्चीखाली जुन्या फाइलींचा गठ्ठा पाय ठेवायला. एवढ्याने भागेल असं मी धरून चालले होते. मग एका सकाळी तिची अंगठी निघेना आणि पापण्या सुजलेल्या दिसल्या, डोकंही दुखत होतं. ती म्हणाली, काल जागरण झालं. मी तिला कोर्टातून थेट डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळची पायांची सूज बहुतेकींना येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं दुखायला लागलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले तर लगेच डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासायचा, आणि तो १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर बूट-चपलांची चर्चा बंद. तिचा ठीक निघाला, लघवीची तपासणीही ठीक. तरी आठवडाभर तिने रोज रक्तदाब मोजला आणि डायरीत तारखांच्या शेजारी लिहून ठेवला.

उभं राहणं हा कपड्यांपलीकडचा विषय, पण प्रकरणात येतो. ऑगस्टमध्ये एका साक्षीदाराचा उलटतपास दोन तास चालला. अर्ध्या तासाने न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, खुर्चीवर बसून विचारा." पोट दिसत होतं म्हणूनच म्हणाले. पदराखाली आणि गाऊनखाली मला हे कधी कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणार तरी कसं?

२९ ऑगस्टला तिने शेवटची तारीख केली. मुलगी झाली, ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी. जानेवारीत परत आली तेव्हा मावशींनी कुर्त्यांच्या चुण्यांखाली दोन लपत्या चेन बसवल्या, दूध पाजायला, आणि बाजूची माया पुन्हा आत घेतली. तेच कुर्ते उन्हाळ्यापर्यंत चालले.

आता ते आमच्या कोर्टातल्या एका स्टेनोकडे आहेत. परवा बार रूममध्ये तिने कुर्ता उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला होता आणि आतल्या उसवलेल्या टिपांच्या खुणा बोटाने मोजत होती. ज्युनिअर शेजारी बसून मुलीचा डबा भरत होती. "चौथी टीप कुठेय?" स्टेनोने विचारलं. "माझी नणंद म्हणते, माझं जुळं आहे."

"मावशींकडे ने," ज्युनिअर म्हणाली. "अजून दीड इंच निघेल त्यातून. आणि कापड आधी भिजवायची गरज नाही, हे आटून झालंय."